वहिनी माहेरी नव्हती

वहिनी, परवाचं वर्तमानपत्र मी बंबात घातलं. तुझ्याबद्दल छापून आलं होतं त्यात, काळी चौकट करून. नव्या राज्यात आपलं मंत्रिपद राहिलं की गेलं, हे दादाला स्वतःलाही नीट ठाऊक नाही, पण तू कोण हे पेपरवाल्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं. दादासाहेबांच्या पत्नी. आदर्श गृहिणी. पती तुरुंगात असताना ज्यांनी घर सांभाळलं त्या. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि आंघोळीचं पाणी तापत होतं तिथे नेऊन घातलं. दादा म्हणाला, "अगं कुसुम, ठेवायला हवं होतं ते." मी म्हटलं, "कशाला? वाचून तिलाच हसू फुटलं असतं."

घर सांभाळलं म्हणे! दादा ग्वाल्हेरच्या तुरुंगात होता तेव्हा तू सहा महिने घरात होतीस कुठे? तू भैरवगडच्या तुरुंगात होतीस. आणि हे आज जगाला ठाऊक नाही ते कोणामुळे, हेही सांगून टाकते. तुझ्या या नणंदेमुळे. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी तरी कुठे बोलले? तू असताना जमलं नाही, आता तू नाहीस तर तोंड सुटलंय. तुझ्या सवयीप्रमाणे मधे बोलू नकोस, ऐक.

तू लग्न होऊन उज्जैनला आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुझं नाव द्वारका. मला ते भारी जुनाट वाटलं. नवं नाव काय ठेवायचं म्हणून घरात चर्चा चालली होती, तर मीच ओरडले, "सुमती! सुमती ठेवा!" आमच्या शाळेत सुमती नावाची एक मुलगी होती, तिच्या वेण्या गुडघ्यापर्यंत होत्या, एवढंच कारण. दादानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, आणि द्वारका संपली. मी किती मिरवले! तू त्या तांदळाकडे बघत होतीस. कशी बघत होतीस ते मला वीस-बावीस वर्षांनी कळलं.

मग बेचाळीसचं साल आलं. दादाला पहिल्याच धरपकडीत नेलं. बाबा सुभ्याच्या कचेरीत कारकून, चार पिढ्यांची ग्वाल्हेर दरबारची चाकरी. त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं, की मुलगा बिघडला तो बिघडला, घरातलं आणखी कोणी असल्या भानगडीत पडणार नाही. बाबांनी सही केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तू त्यांना ताकभात कालवून दिलास, "थोडं तरी खा बाबा" म्हणालीस. बाबांना काय ठाऊक, की त्या वेळी पत्रकांचा गठ्ठा तू देवघरातल्या चौरंगाखाली ठेवला होतास! आई रोज त्याच चौरंगावर बाळकृष्णाला न्हाऊ घालायची. एकदा पत्रकं भिजली तर तू माझ्यावरच डाफरलीस.

तुला धरलं ते फ्रीगंजमध्ये, टावर चौकात. तिकडे आपल्याला ओळखणारं कोणी नव्हतं. तू मालवी बायकांसारखा घागरा-लुगडं नेसून, डोक्यावर पदर ओढून भाजीवाल्यांत बसली होतीस आणि पालकाच्या जुडीत घालून पत्रकं देत होतीस. पोलिसानं नाव विचारलं. सुमती सांगितलं असतंस तर नवरा निघाला असता, नवऱ्यावरून सासरा, सासऱ्यावरून ती सही. तू म्हणालीस, "द्वारका सदाशिव." माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. आडनाव शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, रामकुंवर दूध घालायला आली तेव्हा. तिचं घर भैरवगडला, तिची जाऊ तुरुंगात झाडलोट करायची. तिनं दुधाचं माप आईच्या पातेल्यात ओतलं आणि हळूच म्हणाली, "बईजी, थांकी लाड़ी भित्तर हे. राजी-खुसी हे. घबराजो मती." सूनबाई आत आहे, खुशाल आहे, घाबरू नका. आईच्या हातून पातेलं सुटलं नाही, एवढीच देवाची कृपा. तेवढ्यात शेजारच्या काशीकाकू विरजण मागायला दारात. "काय गं, सूनबाई दिसत नाहीत कालपासून?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी सतरा वर्षांची, नको तेवढी चलाख. म्हणून टाकलं, "वहिनी माहेरी गेली. वाईला. काल पहाटेच्या गाडीनं."

तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं गं. पण मी थांबणारी होते का? एवढ्या घाईनं का गेली म्हणाल्या, तर म्हटलं तिच्या चुलतभावाच्या बायकोचं बाळंतपण आहे. तुला चुलतभाऊच नाही! महिन्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं जुळं झालं. मुलगा आणि मुलगी. दर पंधरा दिवसांनी मी तुझं पत्र म्हणून कोरा कागद हातात धरायची आणि काकूंना धडाधड वाचून दाखवायची. बाळंतिणीला ताप आला, मुलगी अशक्त आहे, वहिनीशिवाय तिचं पान हलत नाही, आणखी महिनाभर राहावं लागणार. बाबा झोपाळ्यावर बसून ऐकायचे आणि मान डोलवायचे. "सून गुणाची आहे. पण घरच्यांनी तिला एवढं राबवून घ्यायला नको." त्यांना एका अक्षराचा संशय आला नाही. काकूंनी जुन्या मऊ लुगड्याची चार दुपटी शिवून दिली, वाईला पाठवा म्हणून. मी ती रामकुंवरच्या हाती तुझ्याकडे पाठवली. तू चिठ्ठी धाडलीस, दुपटी पोचली, इथे एका कैदी बाईचं पोर तीन महिन्यांचं आहे, त्याला झाली. आणि खाली, "जुळ्यांची नावं काय ठेवलीस ते कळव, नाहीतर घोटाळा होईल."

तू सुटलीस तो दिवस आठवला की मला आजही हसू येतं. बाबांना तू गाडीतून उतरल्यासारखी दिसायला हवी होतीस. म्हणून रामकुंवरनं तुला भैरवगडहून परस्पर स्टेशनवर आणलं आणि मी घरून तुझी पत्र्याची ट्रंक घेऊन फलाटावर हजर. माहेराहून मोकळ्या हातानं कसं येणार, म्हणून स्टेशनसमोरच्या हलवायाकडून शेरभर पेढे घेतले. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगदी आपल्याकडच्यासारखाच लागतो की गं!" तू शांतपणे म्हणालीस, "तिकडेही मालव्यातलाच हलवाई आहे, काकू." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला.

आणि ते बाफले! आठ दिवसांत तू डाळ-बाफले केलेस, कणकेचे उकडून भाजलेले ते गोळे, असे फर्मास की बाबांनी दोनदा तूप मागून घेतलं. काकू म्हणाल्या, "वाईला बाफले करतात?" वाईला कशाला कोण बाफले करतं! तुरुंगातल्या एका मालवी बाईनं तुला तोंडी शिकवले होते ते. तू आमटीत पळी फिरवत म्हणालीस, "भावजय बडनगरची आहे." झालं, न जन्मलेल्या भावाला सासुरवाडीही मिळाली.

आपण दोघींनी त्या जुळ्यांना किती वर्षं वाढवलं गं. मुलाची मुंज केली, मुलीचा गोवर काढला. तुला मूल झालं नाही, त्यावरून लोक नको ते बोलायचे, तेव्हा तू मला म्हणायचीस, "आपली दोन आहेत ना वाईला." आधी थट्टेत म्हणायचीस. पुढे पुढे ती थट्टा राहिली नाही, हे मला दिसत होतं.

मग स्वातंत्र्य आलं, दादा पुढारी झाला, मध्यभारताच्या मंत्रिमंडळात गेला. आणि एक दिवस तो यादीवाला आला. तुरुंगात गेलेल्यांची नावं गोळा करत होता, भला माणूस होता बिचारा. म्हणाला, "रजिस्टर में एक द्वारका सदाशिव हैं. कोई कह रहा था, इसी घर की हैं." आई वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हमारे घर में द्वारका कोई नहीं." मग त्यानं विचारलं, आणि सुमतीबाई? "वो तो तब मायके में थी." काशीकाकू बसल्याच होत्या. त्यांनी ठासून सांगितलं, "मैंने खुद दुपटी सी के दी थीं. जुळे हुए थे ना!" त्या भल्या माणसानं माझ्याकडे बघितलं. "आप तो पढ़ी-लिखी हैं, बहनजी. आप बताइए."

बाबा झोपाळ्यावर होते. नुकता अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांची ती सही त्यांनी पाळली, घरातलं दुसरं कोणी गेलं नाही, हा त्यांचा उरलासुरला मान होता. तू पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. तू बाबांकडे एक नजर टाकलीस आणि मान हलवलीस, नाही म्हणून. मी म्हटलं, "जी हाँ. वाई में थीं." त्यानं पेन्सिलीनं एक रेघ मारली. तू त्याच्यासमोर बशी ठेवलीस आणि विचारलंस, "सेंव और डालूँ भैया?" तो जाईपर्यंत मी तुझ्याकडे बघू शकले नाही.

बाबा गेले तेव्हा ही सबब संपायला हवी होती. दादा म्हणाला, यादीत नाव घालायला मी एक पत्र लिहून देतो, माझ्या सहीनं काम होईल. तुझा तो आवाज मी विसरणार नाही. ओरडली नाहीस. "मी तुरुंगात गेले तेव्हा तुमची सही लागली नव्हती. आता मी गेले होते हे ठरवायला लागते होय?" दादा चिडला. "मग काय करू म्हणतेस?" तू म्हणालीस, "चार लोकांत उभं राहून सांगा. भाषणं एवढी करता, त्यात एक वाक्य." दादा म्हणाला, "आणि आईला खोटी पाडू?" तू उठून आत गेलीस. पाच मिनिटांनी त्याच्यासाठी चहा आणलास, साखर घालायची विसरलीस की मुद्दाम घातली नाहीस, ते तुझं तुला ठाऊक. त्यानं तो तसाच प्यायला.

हे भांडण तुमचं दर सहा महिन्यांनी व्हायचं आणि तिथेच अडायचं. दादाला लबाड म्हणणार नाही मी. आईवर जीव होता त्याचा. पण सभेत हार पडले की तो भराभरा बोलायचा, आणि त्याच्या सगळ्या आठवणींत तू घरी भाकऱ्या भाजत असायचीस. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस. आणि मी? मी तर सगळ्यांत मोठी भित्री. फळ्यावर दर सोमवारी 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारी बाई मी. मला मुख्याध्यापिका करायचं चाललं होतं. ती बाई कोरे कागद धरून पत्रं वाचायची, असं गावात झालं तर, ही भीती. मी माझी खुर्ची जपली, वहिनी. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं नसेल असंही नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हा दादा आपणहून म्हणाला, "आता सांगतो. येत्या झेंड्याच्या दिवशी, सव्वीस जानेवारीला सांगतो." मग राज्यच मोडायचं ठरलं. मध्यभारत जाणार, राजधानी भोपाळ होणार, कोण राहणार, कोणाचं तिकीट कापणार. झेंड्याचा दिवस आला आणि गेला. दादानं भोपाळला बिऱ्हाड केलं. तुला म्हणाला, सामान बांध. तू म्हणालीस, "राज्यं तुमची बदलतात. मी कशाला गाव बदलू? मी कुसुमजवळ राहते." माधव नगरात माझ्या दोन खोल्यांत आलीस, एक ट्रंक घेऊन, तीच पत्र्याची. वाईहून आणलेली!

ते आठ महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले होते. मी शाळेतून यायची तर तू ओट्यावर बसून मटार सोलत असायचीस आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत असायचीस. अशाच एका दुपारी मी विचारलं, "वहिनी, तुरुंगात सगळ्यांत वाईट काय होतं?" तू म्हणालीस, डाळ. मग शेंगा खाली ठेवल्यास. "आणि चांगलं काय होतं सांगू? रोज सकाळी हजेरी व्हायची. जमादारीण ओरडायची, द्वारका सदाशिव! आणि मी म्हणायची, हाजिर! लग्नानंतर मला माझ्या नावानं कोणी हाक मारलीच नव्हती, कुसुम. पहिल्या दिवशी तर मला रडूच आलं. जमादारीण म्हणाली, घर की याद आई क्या? मी म्हटलं, हो." ते सुमती नाव कोणी सुचवलं होतं हे तुला ठाऊक होतं. तरी माझ्या ओंजळीत सोललेले दाणे घातलेस आणि म्हणालीस, "खा, गोड आहेत."

ताप आला तो आठ दिवसांत तुला घेऊन गेला. शेवटच्या सकाळी डॉक्टर गालावर थोपटून हाका मारत होते, सुमतीबाई, सुमतीबाई. तू ओ दिली नाहीस. मीही वहिनी, वहिनी करत बसले. द्वारका म्हणून एकदा हाक मारून बघायला हवी होती गं. मला सुचलंच नाही. तू गेल्यावर, दादाची भोपाळची मोटार दारात लागली तेव्हा सुचलं. त्याचं काय करू?

आज दहावा. सिद्धवटाच्या घाटावर दहाव्याला बायका येत नाहीत म्हणाले. मी म्हटलं, येऊ देत नाहीत की येत नाहीत? आणि टांग्यात चढून बसले. भैरवगडच्या रस्त्यानं तुरुंगाची भिंत लागली. दादा तिकडे बघत होता, मीही. एवढंसं अंतर होतं आणि आम्ही तुला साताऱ्याकडे पोचवलं होतं. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती बाईंची. दादानं हात जोडले. मला पटलं नाही. तुझा स्वभाव, तू कावळ्यालाही ताटकळत ठेवणार नाहीस.

मग आपल्या घराण्याच्या पंड्याजींनी लाल कापडातली ती वंशावळीची लांब बही उघडली. खापरपणजोबांपासूनची नावं तिच्यात. पुरुषांची सगळी ठसठशीत, बायकांचं कुठे नाव, कुठे नुसतंच 'अमुक यांचे कुटुंब'. पंड्याजींनी दौतीत बोरू बुडवला. "बहू का शुभनाम?"

दादा म्हणाला, "सुमती."

मी म्हटलं, "थांब."

वहिनी, मी तिथे उभी राहून सगळं सांगितलं. पंड्याजींना, त्यांच्याजवळ बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना, कोणाचं तरी श्राद्ध करायला आलेल्या इंदूरच्या एका कुटुंबाला. हिंदीत, अडखळत. की ही माहेरी गेली नव्हती, ती समोर त्या भिंतीच्या आत होती, आणि माहेरचं झूठ मी रचलं, मी पत्रं वाचली, मी यादीवाल्याला सांगितलं. दादा खाली बघत होता. मला वाटलं आता हा म्हणणार, लोकांत काय तमाशा. तो पुढे झाला, पंड्याजींच्या हातातला बोरू घेतला आणि माझ्यापुढे धरला. पंड्याजी म्हणाले, "साहब, बही में दस्तखत तो घर का मर्द करता है." दादा म्हणाला, "मेरी सही उसे नहीं चाहिए थी, पंडितजी." आणि मला म्हणाला, "तू लिही, कुसुम. मी चौदा वर्षं एक वाक्य बोललो नाही."

मी लिहिलं. बोरूनं लिहायची सवय नाही, दोन ठिकाणी शाई पसरली. द्वारका सदाशिव, सासरचं नाव सुमती. बेचाळीसच्या चळवळीत सहा महिने भैरवगडच्या तुरुंगात. खाली माझी सही केली. मग दादानं माझ्या सहीखाली आपली केली, बारीक अक्षरात, नुसतं नाव, पुढे-मागे काही नाही.

पंड्याजींची पद्धत आहे, नवी नोंद झाली की ती मोठ्यानं वाचून दाखवायची, म्हणजे चूकभूल राहत नाही. त्यांनी बही डोळ्यांजवळ धरली आणि घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचलं, "द्वारका सदाशिव!"

आणि मी म्हटलं, "हाजिर."